सर्व्हिस डॉग मिळेपर्यंत आणि मिळाल्यावर

मला सगळे विचारतात की हा सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंग माणसाला मदत करायला शिकवलेला कुत्रा, कुठून आणला, किती पैसे पडले, आमच्या अमक्याला पण मिळेल का, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते. मणक्याला मार लागल्यापासून मी व्हीलचेअरवर आहे, हाताच्या बोटांतही फारसा जोर नाही, म्हणजे फोन खाली पडला की नवरा ऑफिसातून येईपर्यंत तो तिथेच. राहते न्यू जर्सीत, तर हे सगळं अमेरिकेतलं आहे.

पैसे शून्य. मी कॅनाइन कम्पॅनियन्सकडे अर्ज केला, ही संस्था १९७५ साली कॅलिफोर्नियात सांता रोझाला सुरू झाली, देणग्यांवर चालते आणि कुत्रा फुकट देते. आधी अर्ज, मग फोनवर मुलाखत, डॉक्टरचे कागद, मग प्रत्यक्ष बोलावणं. तिथे माझ्या आजाराबद्दल विचारलं पण खरा रोख वेगळाच, दिवसभरात हातातून काय काय पडतं, बर्फात कुत्र्याला शी-सू ला कोण नेणार, घरातले बाकीचे लोक नियम पाळतील का. हा शेवटचा प्रश्न आईकडे बघून विचारला असावा असा मला दाट संशय आहे.

मग वेटिंग. याला इलाज नाही, कारण पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं झालं की एका व्हॉलंटियरच्या घरी जातं, तिथे दीडएक वर्ष वाढतं, मग ट्रेनिंग सेंटरला आणखी काही महिने पक्कं शिक्षण, आणि त्यातही बरेच कुत्रे गळतात. एखादा खारीमागे पळतो, एखादा आवाजाला बिचकतो, तब्येतीवरून पण काढतात. या काळात ओळखीच्यांनी मला हमखास सल्ला दिला की ऑनलाइन सर्व्हिस डॉगचं जॅकेट आणि आयकार्ड मिळतं, घे आणि घरचाच कुत्रा फिरव. अहो, एडीए कायद्यात (अमेरिकेतला अपंगांच्या हक्कांचा कायदा) रजिस्ट्रेशन असा प्रकारच नाही, त्या साइट्स नुसता कागद विकतात. आणि असा एखादा जॅकेटवाला कुत्रा दुकानात भुंकला की पुढच्या खेपेला दारात मला अडवतात, म्हणून माझा याच्यावर फार राग आहे.

नंबर लागला की टीम ट्रेनिंग, म्हणजे माणूस आणि कुत्रा दोघांचं एकत्र शिक्षण, दोन आठवड्यांचं, लाँग आयलंडवर मेडफर्डला. सुरुवातीला वेगवेगळे कुत्रे देऊन बघतात, ट्रेनर बाजूला उभे राहून नुसतं टिपत असतात, आणि मग सांगतात की तुझी मेपल. लॅब्रॅडॉर-गोल्डनची क्रॉस. तिला सगळं येत होतं, शिकायचं होतं ते मलाच. 'लॅप' म्हटलं की पुढचे पाय मांडीवर, 'टग' म्हटलं की दोरी ओढून दार उघडायचं, 'हरी' म्हणजे उरकून घे (हो, शी-सू साठी पण कमांड आहे). पण माझा आवाज बारीक, ती शांतपणे माझ्याकडे बघत बसायची. लिफ्टमध्ये शिरताना तिची शेपटी कुठे, माझं चाक कुठे, पट्टा पुढच्या छोट्या चाकात तर गेला नाही ना, यातच पहिले दिवस गेले, रात्री खांदे भरून यायचे.

शेवटी ग्रॅज्युएशन. तिला लहानाचं मोठं केलेली बाई स्टेजवर येऊन पट्टा माझ्या हातात देते, तेव्हा हॉलमध्ये कुणाचेच डोळे कोरडे नव्हते. कार्यक्रम संपल्यावर आईने पिशवीतून नारळ आणि ब्लाउजपीस काढून चक्क त्या बाईची ओटी भरली. तिला काही कळलं नाही पण तिने पदर पसरावा तसा स्वेटर पुढे धरला!

आता फोन, किल्ल्या, रिमोट, पडलेला मोजा सगळं मेपल उचलून देते, फ्रिजला दोरी बांधलीय ती ओढते, दिव्याचं बटण नाकाने दाबते. आपल्याच लोकांच्या एका रेस्टॉरंटमध्ये मालक कुत्रा आत नको म्हणून अडून बसले होते. कायद्याने ते दोनच प्रश्न विचारू शकतात, अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का आणि तो कोणतं काम करायला शिकलाय. कागद मागता येत नाहीत, करून दाखव म्हणता येत नाही. हे शांतपणे सांगायचं, आवाज चढवला की वाद वाढतो. भाड्याच्या घरात पण 'नो पेट्स' चा नियम आणि पेट डिपॉझिट हिला लागू नाही, ते लेखी मागून घ्या.

घरातला मुद्दा एकच उरलाय, आई. देवघराच्या उंबऱ्याशी मेपल 'स्टे' वर बसते त्यामुळे सोवळ्याचा प्रश्न मिटला, पण तूप लावलेली पोळी गुपचूप सरकवणं काही थांबत नाही. पोळीने वजन वाढेल इतकंच, पण कांदा आणि शिऱ्यातले बेदाणे कुत्र्यांना विषारी असतात, म्हणून शिरा आता बिनबेदाण्याचा होतो आणि त्याबद्दल मला रोज ऐकून घ्यावं लागतं. कुत्रा फुकट असला तरी खाणं आणि व्हेटचा खर्च आपला असतो, तेवढा हिशोब करूनच अर्ज भरा.