तुम्ही विचारलंत म्हणून: किरण दिले की बायोप्लास्टिक मजबूत होतं का?

पॅकेजिंगवाले आणि पॉलिमरचे विद्यार्थी नेहमी विचारतात, "पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल, पिकांच्या साखरेपासून बनणारं प्लास्टिक) नाहीतर स्टार्चच्या मिश्रणावर गॅमा किरण सोडले की ते पक्कं होतं ना?" नुसते सोडले तर बहुतेक वेळा उलटंच होतं, माल आणखी ठिसूळ होतो. किरणांमुळे पॉलिमरच्या लांब रेणूसाखळ्यांवर मुक्त मूलकं, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या, चटकन जुळू पाहणाऱ्या जागा, तयार होतात. शेजारच्या दोन साखळ्यांवरची मूलकं एकमेकांना भेटली तर आडवा बंध पडतो. ती भेट झाली नाही, किंवा मध्येच ऑक्सिजनने मूलक गाठलं, तर साखळी तुटते. या कामातलं कसब ती भेट घडवून आणण्यात आहे, आणि म्हणून डोस किती याच्या आधी माल कोणत्या अवस्थेत आहे ते पाहावं लागतं.

पीएलए एकट्याने किरण खाल्ले की तुटतं. त्यात सुमारे 3 टक्के टीएआयसी, म्हणजे ट्रायअलाइल आयसोसायन्युरेट हा साखळ्या जोडायला मदत करणारा पदार्थ, मिसळून 50 किलोग्रेच्या (किलोग्रे हे मालाने शोषलेल्या किरण-ऊर्जेचं एकक) आसपास डोस दिला की आडव्या बंधांचं चांगलं जाळं तयार होतं. जपानमध्ये ताकासाकीच्या संशोधकांनी हा मार्ग नीट घालून दिला. टीएआयसी 25 अंशांच्या जवळपास गोठतं, त्यामुळे थंडीत बाटली कोमट पाण्यात ठेवून मगच मोजावं. पीएलए आधी कडक वाळवून घ्यायचं, ओलावा 0.025 टक्क्याच्या आत आला पाहिजे. 180 अंशांना ते वितळलं की टीएआयसी शेवटच्या काही मिनिटांतच घालावं, लवकर घातलं तर उडून जातं. फिल्म दाबल्यावर झटपट थंड करावी. सावकाश थंड केली तर स्फटिक वाढतात आणि टीएआयसी त्यांच्याबाहेर ढकललं जातं.

यातून मिळतं काय? साधं पीएलए 60 अंशांपाशी मऊ पडून आकार सोडतं, जाळं झालेलं त्याच्या वरही आकार धरून ठेवतं. खोलीच्या तापमानाला मात्र ते ठिसूळच राहतं. पिशवी फाटू नये एवढीच अपेक्षा असेल तर हा खर्च करू नका, असंच आमचं स्पष्ट मत आहे.

स्टार्च आणि सेल्युलोजचं गणित निराळं आहे. कोरड्या पुडीवर किरण पडले तर साखळ्या तुटतात, अगदी पातळ द्रावणातही तुटतात. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज (सेल्युलोजचं पाण्यात विरघळणारं रूप) मात्र 20 ते 40 टक्क्यांच्या घट्ट लगद्यात जेल होतं. पाण्यापासून निघणारी हायड्रॉक्सिल मूलकं साखळ्यांवर नवी मूलकं उठवतात, आणि लगद्यात साखळ्या हलू शकतात, तरीही जवळजवळ असतात. 10 टक्क्यांच्या खाली गेलात की तोडच जास्त होते. पूड पाण्यात कणकेसारखी मळा, रात्रभर मुरू द्या, पिशवीत दाबून हवा काढून सील करा आणि 5 ते 20 किलोग्रे द्या. गुठळी राहिली तर तिच्या आतला कोरडा भाग तुटतो आणि जेलमध्ये कमकुवत जागा राहते. सेल्युलोजवर कार्बोक्सिमिथाइल गट कमी असतील तर डोस कितीही वाढवा, जेल कच्चंच राहतं.

सगळ्यात भरवशाचं मिश्रण पीव्हीएचं (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं), कारण पाण्यात किरण दिले की ते स्वतःच बंध बांधतं. 10 टक्के पीव्हीए 90 अंशांना ढवळत पूर्ण विरघळवा, 1 टक्का अगार वेगळं उकळून त्यात घाला, ट्रेमध्ये 3-4 मिलिमीटर थर ओता. थंड झाल्यावर अगारमुळे थर आकार धरतो. मग सीलबंद करून 25 किलोग्रे दिले की जेल आणि निर्जंतुकीकरण एकाच फेरीत होतं. भाजलेल्या जखमेवरच्या हायड्रोजेल पट्ट्या याच तत्त्वावर बनतात. ओतण्याआधी बुडबुडे निघालेच पाहिजेत, नाहीतर तिथेच पट्टी फाटते.

किती जाळं झालं ते जेल टक्केवारीवरून (न विरघळता उरलेल्या भागाच्या टक्क्यांवरून) कळतं आणि इथे फसगत फार होते. नमुना वाळवून वजन करायचा, 200 मेशच्या (इंचाला 200 छिद्रांच्या) स्टीलच्या जाळीत बांधायचा, न जुळलेला भाग विरघळवायचा, उरलेलं वाळवून पुन्हा वजन करायचं. पीएलएसाठी क्लोरोफॉर्म, 48 तास. पण स्टार्च क्लोरोफॉर्ममध्ये विरघळत नाही, त्यामुळे पीएलए-स्टार्चच्या मिश्रणात स्टार्चचं वजन वजा केलं नाही तर आकडा खोटा चढतो. पीव्हीएला उकळतं पाणीच हवं. थंड पाण्यात न जुळलेलं पीव्हीएही तसंच टिकून राहतं.

खोक्यात सगळीकडे डोस सारखा नसतो. बाहेरच्या बाजूला आणि मधोमध अलानिनचे (एका अमिनो आम्लाचे) डोसमापक ठेवा. फ्रिके द्रावण (डोस मोजायचं लोहक्षाराचं द्रावण) इथे चालत नाही, ते साधारण 0.4 किलोग्रेपर्यंतच मोजतं. इलेक्ट्रॉन बीम वापरणार असाल तर जाडी सांभाळा: 10 एमईव्हीचे (एमईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं एकक) इलेक्ट्रॉन पाण्याएवढ्या घनतेच्या मालात एका बाजूने 3-4 सेंटिमीटरच उपयोगी पोचतात.

माल किरणोत्सारी होतो का, हेही विचारतात. नाही. गॅमा किरण देणाऱ्या कोबाल्ट-60चे किरण 1.17 आणि 1.33 एमईव्हीचे असतात, ते अणुकेंद्राला धक्का लावत नाहीत. लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून हेच किरण देतात, तिथला डोस मात्र 0.2 किलोग्रेच्या आतला.

आणि जाळं झाल्यावर ते कुजतं का? कुजतं, पण सावकाश, कारण एन्झाइमला साखळीपर्यंत पोचायला वेळ लागतो. पीएलएला मुळातच 58 अंशांच्या आसपासचं औद्योगिक कंपोस्ट लागतं, घरच्या खड्ड्यात ते पडून राहतं. म्हणून 'कंपोस्टेबल' म्हणून विकायचं असेल, तर किरण दिलेल्या मालाचीच कंपोस्टेबल प्लास्टिकच्या आयएस/आयएसओ 17088 या मानकानुसार नव्याने चाचणी करून घ्या. मूळ दाण्यांचं प्रमाणपत्र या मालाबद्दल काहीच सांगत नाही.