आमची वाटचाल: दोन दिवसांचं काम

आमच्या कंपनीत आम्ही तिघं. एकजण चित्रं काढतो, एकजण कोड लिहिते आणि उरलेलं सगळं माझ्याकडे. पहिला गेम पोकरचा करायचं ठरलं तेव्हा काम सोपं वाटलं होतं. ५२ पत्ते, हातांची (म्हणजे पत्त्यांच्या जुळणीची) क्रमवारी ठरलेली, चिप्स खोट्या. पत्ते पिसण्याचा कोड एका दुपारीत झाला, कुणाचा हात मोठा हे ठरवणारा आठवडाभरात. "पैजेचा भाग दोन दिवसांत उरकू," असं मी म्हणालो होतो. ते वाक्य तारखेसकट फळ्यावर अजून आहे. पुसायला गेलो की दोघं ओरडतात.

पहिली तक्रार बटणाची. समोरच्याने २०० लावलेत, तुम्ही ५०० निवडून 'रेझ' (म्हणजे पैज वाढवणं) दाबलंत, तर जायचे किती? आम्ही ७०० घेत होतो. खेळणारे चिडले, आणि बरोबरच होतं त्यांचं. 'पाचशेने वाढवलं' आणि 'पाचशेवर नेलं' यांत फरक एका प्रत्ययाचा, आणि आमच्या बटणावर प्रत्ययच नव्हता. आता तिथे 'एकूण ५००' असं दिसतं.

दुसरी चूक बरेच दिवस लपून राहिली. कमीत कमी रेझ म्हणजे आधीच्या पैजेच्या दुप्पट, असं आम्ही धरलं होतं. पहिल्या रेझला ते जुळतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण बिग ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधीच एकाला भरावी लागणारी सक्तीची पैज) १०० असताना कुणी ३०० वर नेलं, तर वाढ २०० ची. पुढच्याला ५०० वर नेता यायला हवं. आमचा गेम ६०० मागत होता. मोजायची असते ती शेवटची वाढ, पैज नव्हे.

आणि मग अर्धवट ऑल-इन, म्हणजे उरलेल्या सगळ्या चिप्स लोटल्या तरी पूर्ण रेझ न होणं. याने आमची झोप उडवली.

पहिल्याने ५०० लावले, दुसऱ्याने कॉल केला (म्हणजे तेवढेच भरले), तिसऱ्याकडे ७०० च होते आणि त्याने सगळे लोटले. पूर्ण रेझ १००० ला झाली असती. ही वाढ नुसती २०० ची. अशा वेळी पहिल्या दोघांनी एकतर आणखी २०० भरायचे, नाहीतर पत्ते टाकायचे. परत रेझ करायची मुभा नाही. आमचा गेम देत होता. दोन मित्रांनी हे हेरलं: एकजण मुद्दाम थोड्या चिप्स घेऊन बसायचा, वेळ आली की लोटायचा, दुसरा परत रेझ मारायचा आणि मधला बिचारा सापडायचा. राग आला, पण खरं सांगायचं तर त्यांनी आमच्यापेक्षा चांगली चाचणी केली होती.

घाईत दुरुस्ती केली, तर अजून न खेळलेल्या चौथ्या भिडूचंही रेझचं बटण गायब झालं. त्याला १२०० वर नेण्याचा पूर्ण हक्क असतो. ते सुधारलं तर पुढचा पेच: ७०० च्या मागोमाग दुसऱ्या कुणाचा ११०० चा ऑल-इन. दोन्ही अर्धवट, पण ५०० लावणाऱ्यासमोर आता एकूण ६०० वाढलेत, म्हणजे पूर्ण रेझपेक्षा जास्त. स्पर्धांमध्ये चालणाऱ्या नियमाने त्याला रेझ पुन्हा खुली. मधे ७०० ला कॉल करणाऱ्यासमोर मात्र ४०० च वाढलेत, त्याला नाही. एकाच फेरीत दोघांना दोन न्याय! 'रेझ खुली की बंद' अशी एकच खूण ठेवून भागणार नव्हतं. प्रत्येकाने शेवटचा निर्णय किती रकमेवर घेतला, ते वेगळं साठवायला लागलो, तेव्हा कुठे गाडं मार्गी लागलं.

तोवर निम्मे खेळाडू निघून गेले होते. गेम काही फार चालला नाही, ते लपवत नाही. पण दुसऱ्या एका गेमवाल्यांना हाच पेच पडला आणि त्यांनी आमच्याकडून नुसता पैजेचा कोड घेतला. मग आणखी दोघांनी. आज आमचा धंदा हाच आहे. चित्रं काढणारा आता चाचण्यांसाठी डाव रचतो, आणि त्यात तो भलताच खट्याळ निघाला.

गेल्या महिन्यात त्यानेच एक काढलं. बिग ब्लाइंड भरणाऱ्याकडे ६० च चिप्स उरल्या होत्या आणि आमचा कोड बाकीच्यांना ६० वरच आत घेत होता. त्यांनी पूर्ण १०० भरायला हवेत. दुरुस्ती सगळ्यांना पाठवली आहे.