आमची वाटचाल : कनातींपासून ७०० ग्रॅमच्या सॅकपर्यंत

नागपुरात महाल भागातील आमच्या कार्यशाळेत आज पाठीवरच्या हलक्या सॅक, सिलिकॉनचा लेप असलेल्या नायलॉनच्या ताडपत्र्या आणि हिमालयातील ट्रेकसाठी पिसांच्या रजया शिवल्या जातात. बाबांचा व्यवसाय मंडपाचा होता. त्यामुळे कापडाला ताण कुठे बसतो आणि ते पहिल्यांदा कुठून फाटते, हे आम्ही वादळात उडणाऱ्या कनातींवरून शिकलो. त्या कनाती मोमिनपुऱ्याहून येणारे चाचा शिवत असत, आणि मी सॅक शिवण्याचा विचार बोलून दाखवला तेव्हा ‘फर्मा (कापड बेतायचा पुठ्ठ्याचा नमुना) मी कापतो’ म्हणून पुढे आलेले पहिले भागीदारही तेच होते.

४० लिटरची, आत सांगाडा नसलेली आमची सॅक ७०० ग्रॅम भरते आणि १० किलोपर्यंतचे ओझे नीट वाहते. अंगाला २१० डेनियरचे रिपस्टॉप नायलॉन आणि बुडाला ४२० डेनियरचे, एवढे सांगितले की जाणकारांना पुरे; इतरांसाठी, डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप आणि रिपस्टॉप म्हणजे फाट पसरू न देणारी चौकटींची वीण. पण वजन केवळ कापड पातळ घेतल्याने उतरत नाही, ते बेतण्यातून उतरते, असे चाचा पहिल्या दिवसापासून सांगत आले. सांगाड्याऐवजी झोपण्याची फोमची चटई घडी करून पाठीच्या बाजूला सरकवली की तीच आधार देते. नको ते कप्पे, दुहेरी चेन आणि शोभेचे पट्टे गेले, मात्र खांद्याचा पट्टा जिथे अंगाला जोडला जातो तिथे आम्ही एक ग्रॅमही वाचवला नाही. तिथे आतून अस्तराचा तुकडा, मधे पट्टी, वरून कापड आणि त्या तिन्हींतून जाणारा बारटॅक, म्हणजे एकाच जागी घातलेल्या दाट टाक्यांची पक्की शिवण, असतो. शिवणीची माया, म्हणजे टाक्याबाहेर सोडलेले कापड, १२ मिलिमीटर ठेवतो, कारण हे गुळगुळीत नायलॉन कडेने सुटत जाते, आणि प्रत्येक कडेला पायपिंग करतो, म्हणजे पट्टी दुमडून ती कड झाकतो. सुई जाड घेतली किंवा टाके फार दाट घातले, तर कापड पोस्टाच्या तिकिटासारखे भोकांच्या रेषेवर फाटते. म्हणून सुई चौदा नंबरची आणि इंचाला आठ टाके, हा चाचांचा नियम आहे. जुकी कंपनीची जुनी शिलाई मशीन, सेकंडहँड घेतलेली बारटॅकची मशीन, पट्ट्यांची टोके वितळवून बंद करण्यासाठी सोल्डरिंग आयर्न आणि खाकी पुठ्ठ्याचे फर्मे, ही आमची खरी भांडवली मालमत्ता.

वस्तू व सेवा कर लागू झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एका घाऊक व्यापाऱ्याने आमच्याकडे मोठी मागणी नोंदवली. नमुन्यासाठी त्यांनी दोन सॅक नेल्या आणि ‘माप पडताळून पाहायचे आहे’ असे सांगून खांद्याच्या पट्ट्याचा फर्माही मागून नेला. त्या पट्ट्याचे वळण काखेत न घासता छातीवरून कसे उतरावे, यासाठी चाचांनी पुठ्ठे कापून कापून टाकले होते आणि बारीक अंगाच्या मुलींपासून भरदार खांद्यांच्या गड्यांपर्यंत अनेकांच्या अंगावर ते लावून पाहिले होते. आम्ही पतसंस्थेचे कर्ज काढून कापडाचे तागे आणले, बकल आणली, दोन नवे कारागीर ठेवले. आधी पावसाळ्यानंतर, मग नवरात्रानंतर असे सांगत त्या व्यापाऱ्याने मागणी पुढे ढकलली आणि शेवटी तोंडी रद्द केली. दिवाळीत आमचाच पट्टा, आमचेच वळण आणि आमच्याच तिरक्या खिशाची सॅक सीताबर्डीच्या बाजारात निम्म्या भावाने टांगलेली मी स्वतः पाहिली.

ती सॅक आमच्यापेक्षा थोडी हलकी होती, आणि हीच गोष्ट मला आजही सलते. अस्तराचा तुकडा, बारटॅक आणि पायपिंग, म्हणजे सॅक ज्यावर तगते ते सारे काढून ते वजन उतरवले होते, आणि गिऱ्हाइकांना मात्र तेच वजन आमच्याविरुद्ध दाखवले जात होते. पुढच्या श्रावणात पचमढीच्या नागद्वार यात्रेहून परतलेले लोक तुटक्या पट्ट्यांच्या सॅक घेऊन आमच्या दारात आले. सातपुड्यातल्या त्या चढउतारांवर भर पावसात पट्टा निसटला म्हणजे काय होते, हे विदर्भातल्या यात्रेकरूंना सांगायला नको. डिझाइन तुमचे, मग दोषही तुमचा, असे आम्हाला ऐकवले गेले. कर्जाचे हप्ते थकले, नवे कारागीर सोडून गेले आणि त्या वर्षी आमची मशीन शाळेच्या दप्तरांच्या दुरुस्तीवर चालली. चाचांनी त्या काळात मजुरीचा विषयही काढला नाही. ज्यांनी आमचा फर्मा नेला, त्यांनी तो आजतागायत परत केलेला नाही.

त्या दिवसांत वर्ध्याचे भूगोलाचे एक निवृत्त सर आमच्या पाठीशी उभे राहिले. ते दरवर्षी खिशात ताणकाटा घेऊन येतात आणि सॅक विकत घेण्याआधी स्वतः तोलून पाहतात. बाजारातली ती नक्कल त्यांनी आमच्या टेबलावर शिवण उसवून गिऱ्हाइकांसमोर उघडली, पट्ट्याच्या मुळाशी एकच पदर आहे हे बोटाने दाखवले, आणि आपल्या ट्रेकच्या गटासाठी पूर्ण रक्कम आगाऊ देऊन सॅक नोंदवल्या. १९५५ साली ६७ वर्षांच्या एमा गेटवुड यांनी अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन ट्रेल एकटीने चालून पूर्ण केला, तेव्हा त्यांच्या खांद्यावर स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी होती, हे मला प्रथम सरांनीच सांगितले. पिसांच्या रजईचा आग्रहही त्यांचाच: अंगाखाली दबलेली पिसे ऊब देत नाहीत, मग स्लीपिंग बॅगच्या पाठीकडच्या भागाचे वजन कशाला वाहायचे, असे ते म्हणाले, आणि आम्ही पहिली रजई त्यांच्या मापाने शिवली. निवाऱ्यासाठी ताडपत्री उभारतानाही ते चालण्याच्या काठ्यांचाच खांब करतात. कर्ज फिटले, काम वाढले आणि पुढची वर्षे चांगली गेली.

नव्याने भटकंती सुरू करणाऱ्यांनी सॅक सर्वांत शेवटी घ्यावी, असे मी सर्वांना सांगते. आधी निवारा, अंथरूण-पांघरूण आणि कपडे यांचे वजन व आकार ठरू द्यावा, त्यानंतरच किती लिटरची सॅक लागेल हे कळते. माप उंचीचे नव्हे, पाठीचे घ्यावे: मान झुकवल्यावर वर येणाऱ्या हाडापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या काठापर्यंत. जड वस्तू पाठीलगत ठेवाव्यात. बहुतेक सॅक शिवणीतून पाणी घेतात, म्हणून आत जाड प्लास्टिकची पिशवी घालावी. पॉलियुरेथेनचा (पाणी अडवणाऱ्या प्लास्टिकचा) लेप असलेले सामान नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा मोटारीच्या डिकीत ठेवू नये. ४५ अंशांपुढचा उन्हाळा आणि त्यानंतरची दमट हवा यांनी तो लेप चिकट होऊन सुटतो. नायलॉनची ताडपत्री भिजली की सैल पडते, म्हणून झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा ताणाव्यात. सॅक धुलाई यंत्रात तर कधीच घालू नये.

नव्या सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याचा फर्मा चाचांनी गेल्या हिवाळ्यात पुन्हा कापला असून तो कार्यशाळेच्या बाहेर जात नाही. ज्यांना माप पडताळायचे असेल त्यांनी महालात यावे, आम्ही पट्टा अंगावर लावून दाखवतो. बाजारातल्या त्या जुन्या नकलाही आम्ही दुरुस्तीला घेतो, त्यांना अस्तर आणि बारटॅक घालून देतो, पण त्यांच्यावर आमचे लेबल लावत नाही.