इशिगाकीला जानेवारीत जायचं असेल तर

तोक्योत जानेवारीच्या अखेरीस संध्याकाळी पाचलाच अंधारून येतं. जपानच्या नैर्ऋत्य टोकाकडच्या इशिगाकी बेटावर त्याच दिवशी सहा वाजले तरी बंदरावर चांगला उजेड होता, आणि आईने मफलर काढून पिशवीत टाकला. पुण्याहून आमच्याकडे तोक्योतल्या निशी-कासाईला आल्यापासून पहिल्यांदाच!

तोक्योच्या हानेदा विमानतळावरून थेट विमानाने तीन तासांच्या वर लागतात. तोक्यो इथून सुमारे १,९५० किलोमीटर, तर तैवान जेमतेम २७०. पण समुद्रात डुंबायचं मनात असेल तर या दिवसांत येऊ नका. थंडी अशी नसतेच, पण आभाळ भरलेलं असतं आणि उत्तरेचा वारा अंगाला झोंबतो. स्वेटरपेक्षा वारा अडवणारं जाकीट घ्या. त्या बदल्यात गर्दी नाही, खोल्या स्वस्त, वादळांची भीती नाही. इशिगाकीच्याच काबिरा खाडीत पोहायला तर बारा महिने बंदीच आहे, पाण्याची ओढ फार जोराची. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दिसतं. ऊन पडेपर्यंत थांबा मात्र. ढगाखाली राखाडी दिसणारं पाणी उन्हाची तिरीप आली की पाचूसारखं होतं.

खरी अडचण बोटींची. रविवारी इरिओमोते बेटावर जायचं होतं. तिथे दोन बंदरं आहेत: उत्तरेला उएहारा, आग्नेयेला ओहारा. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की उएहाराची बोट रद्द होते, आमचीही झाली. ओहाराच्या बोटी चालू होत्या, म्हणून तिकडे गेलो. तेव्हा हिवाळ्यात हॉटेल घेताना, सहल ठरवताना ओहाराच धरून चाला, आणि इरिओमोतेची फेरी शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

ओहाराहून नाकामा नदीत बोट जाते, भरती-ओहोटीप्रमाणे वेळा बदलतात. जपानमधलं सगळ्यात मोठं कांदळवन इथे आहे. आत एक जुना वृक्ष आहे, सुंदरबनातल्या सुंदरीच्या कुळातला, वय सुमारे ४०० वर्षं सांगतात. त्याची मुळं जमिनीवर फळ्यांसारखी उभी, नागमोडी वळत गेलेली. आई त्यांच्यापुढे बराच वेळ हात जोडून उभी होती. गाडी घेतलीत तर रस्त्यावर सावकाश चालवा. इथलं रानमांजर जगात दुसरीकडे कुठेही नाही, आणि गाड्यांखाली येऊन मरतं.

जेवणाचं आधीच ठरवून ठेवा. याएयामा सोबा म्हणजे डुकराच्या हाडांच्या रश्शातल्या गोल शेवया, वर मांसाचे पातळ तुकडे. मी खाल्ला, आवडला. टेबलावर पिपाची नावाच्या मसाल्याची छोटी बाटली होती. मी थोडी शिंपडली, वास आईपर्यंत गेला. तिने चिमूटभर तळहातावर घेतली, हुंगली, जिभेला लावली. "अगं, ही तर पिंपळी! खोकल्याला मधातून देते ना मी तुला, तीच." अगदी तीच नाही, पण सख्खी बहीण म्हणावी अशी, आणि नावही संस्कृतातल्या पिप्पलीवरूनच आलेलं. सार्वजनिक बाजारातून आम्ही दोन बाटल्या घेतल्या.

आई शाकाहारी आहे, तिचे मात्र हाल होतात. रश्शात मासळी नाहीतर डुक्कर, कारल्याच्या भाजीतही बहुधा मांस. गुलगुल्यांसारखे दिसणारे साता अंदागी अंड्याचे असतात, आणि चिन्सुको बिस्किटांत पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी घालतात, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. शेंगदाण्याचा जिमामी तोफू चालतो, फक्त वरचा रस बाजूला ठेवायला सांगा. बाकी आम्ही मेथीच्या दशम्यांवर काढलं.

सोमवारी पहिल्या बोटीने शेजारच्या ताकेतोमी बेटावर. इशिगाकीच्या बंदरातून दहा-पंधरा मिनिटं. गावातले रस्ते पांढऱ्या प्रवाळाच्या वाळूचे, आणि सकाळी घरोघरची माणसं ते झाडून काढतात. आम्ही पोचलो तेव्हा झाडूच्या रेघा ताज्या होत्या, त्यावर पाय ठेवायलाही संकोच वाटला. नऊनंतर रेड्यांच्या गाड्या आणि सायकली सुरू होतात, म्हणून लवकरच जा. सायकल वाळूत घसरते. गाव पायीच बघण्याजोगं आहे. बेटाच्या जतनासाठी ३०० येन ऐच्छिक आहेत, आवर्जून द्या. काइजीच्या किनाऱ्यावर ताऱ्याच्या आकाराची वाळू आहे, खरं तर सूक्ष्म जीवांची कवचं. तळहात ओल्या वाळूवर दाबून पाहा, एखाददुसरा तारा चिकटतो. बघून परत तिथेच झटका.

दुपारच्या विमानासाठी बंदरावरून विमानतळापर्यंत बसने पाऊण तास धरा. वारा वाढला असेल तर एक बोट आधीचीच पकडा.