पालापाचोळ्याचं गांडूळखत: आधी ढीग तापू द्या

पानगळ सुरू झाली की लोक पाचोळा झाडून पेटवून देतात. मला ते कधीच बघवलं नाही. पानांतला सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुरावाटे निघून जातात, हाती उरते मूठभर राख. म्हणून मी गांडूळखत करायला घेतलं. तेव्हा कळलं, खरी मेहनत गांडुळं सोडण्याआधीच असते.

वाळलेल्या पानांत कर्ब भरपूर आणि नत्र अगदीच कमी. हे प्रमाण बरेचदा ५०:१च्याही वर असतं. कुजण्याची क्रिया जोमाने चालायला ते ३०:१च्या आसपास लागतं. त्यात जाड, चकचकीत पानांवर मेणाचा थर, शिरांमध्ये लिग्निन, म्हणजे लवकर न कुजणारा चिवट घटक. गांडुळाला तर दातच नाहीत. त्यामुळे मी पानं चुरली, रात्रभर भिजवली, पानांचा एक थर, त्यावर ओला हिरवा कचरा आणि शेणकाला, असं करत कमरेएवढा ढीग रचला. लहान ढिगात ऊब टिकत नाही.

चार-पाच दिवसांत ढीग असा तापला की आत घातलेला हात लगेच बाहेर काढावा लागला. जिवाणूंच्या कामामुळे आतलं तापमान ५० अंशांच्या वर जाऊ शकतं. तणाचं बी मरायला ते चांगलं. पण ३५ अंशांपुढे गांडुळं तग धरत नाहीत. म्हणून ढीग मधूनमधून खालीवर केला, पाणी शिंपडलं आणि तो पूर्ण निवेपर्यंत थांबले. इथे घाई करूच नये. पानं काळपट झाली, बोटांत सहज चुरगळू लागली, तेव्हाच गांडुळं सोडली.

गांडुळं घेतली आयसेनिया फेटिडा जातीची, तांबूस, वरच्या थरात राहून कुजकं खाणारी. मातीत खोल बिळं करणारी गांडुळं या कामाची नाहीत.

पुढे सगळं लक्ष ओलाव्यावर. गांडूळ त्वचेतून श्वास घेतं. कोरडं पडलं तरी मरतं, पाणी साचलं तरी गुदमरतं. मिश्रण मुठीत दाबल्यावर जेमतेम एखाद-दुसरा थेंब यावा. पाचोळ्याची एक खास अडचण म्हणजे ओली पानं एकमेकांना चिकटून थापे बनतात आणि आत हवा जात नाही. मी ते हाताने सुटे करत असे. असाच एक थापा उलगडला, तर आतल्या पानाचा गर साफ खाल्लेला, नुसती शिरांची जाळी उरलेली, आणि तिला चिकटून मोहरीपेक्षा जरा मोठे, टोकाला निमुळते पिवळसर कोष! एकेका कोषातून साधारण तीन आठवड्यांनी दोन-चार पिल्लं निघू शकतात. गांडुळांना जागा मानवली, याची याहून चांगली खूण नाही.

वर चहापत्तीसारखी काळी, दाणेदार विष्ठा दिसू लागली की मी पाणी देणं थांबवते. मग सगळं उजेडात शंकूसारखं रचायचं. उजेड नको म्हणून गांडुळं तळाशी जातात आणि वरचं खत हलक्या हाताने काढता येतं. ते सावलीतच चाळते. कडक उन्हात कोष आणि उपयोगी जिवाणू मरतात. चाळणीवर राहिलेले देठ आणि शिरा नव्या ढिगात घालते. त्यांवरच्या बुरशी-जिवाणूंमुळे नव्या पाचोळ्याला विरजण लागतं.