आजोबांची बारस आणि ऑरलँडोचं टेबल

पुण्यात बसून मी लोकांच्या अमेरिकेच्या सहली आखून देते, आणि त्यातलं मोठं काम फ्लोरिडात ऑरलँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डचं असतं. व्हिसा, विमान, हॉटेल ही कामं वेळखाऊ खरी, पण ती सवडीने करता येतात. जेवणाच्या टेबलांचं तसं नाही. तिथल्या हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्याला मुक्कामाच्या ६० दिवस आधी टेबलं धरता येतात, आणि मुक्काम दहा दिवसांपर्यंतचा असेल तर सगळ्या दिवसांची एकदमच. बुकिंगची ही खिडकी उघडते तिकडच्या पहाटे सहाला. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेचार. तत्काळ तिकिटाला बसलेला माणूस जसा बोट माऊसवर ठेवून घड्याळ बघतो, तशी मी त्या वेळेला बसते.

हे कुटुंब अकलूजकडचं. आजी-आजोबा, मुलगा-सून, त्यांची सात वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा. न्यू जर्सीहून लेक-जावई त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन तिथेच येणार होते. एकूण नऊ. तारखा १० ते १६ नोव्हेंबर २०२४. दिवाळी उरकून निघायचं आणि लेकीच्या मुलीच्या शाळेची सुट्टीही जोडून साधायची, असा तो हिशोब. न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनाची सुट्टी असते, तिला जोडून तिथली कुटुंबं इतक्या संख्येने ऑरलँडोला येतात की त्या आठवड्याला 'जर्सी वीक' असंच नाव पडलंय. आमच्या तारखा त्याला लागूनच, म्हणजे टेबलांना मागणी जास्त.

पहिल्या बैठकीला मुलगा आणि सून यादी घेऊनच आले होते. सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं सिंड्रेलाज रॉयल टेबल, म्हणजे जेवताना राजकन्या भेटतात ते उपाहारगृह, सर्वांत वर. दोन्ही मुलींनी व्हिडिओ बघून पाठ केलं होतं ते. आजोबा शेजारी गप्प बसून होते, गळ्यात तुळशीची माळ. खाण्याचं विचारायला मी त्यांच्याकडे वळले तेव्हा म्हणाले, "पोरी, माझं काय नाय. कांदा-लसूण नको, अंडं नको. दूध-फळावर माणूस ऱ्हातो." मी लिहून घेतलं. मग जरा थांबून ते म्हणाले, "त्यात कार्तिकी येती. एकादशी मी करीनच, तिची तुम्ही काळजी करू नका. पण बारस सोडायला समदी पाटावर पाहिजेत. तेवढं होतंय का बघा."

मी कॅलेंडर उघडलं. कार्तिकी एकादशी १२ नोव्हेंबर, मंगळवार. बारस १३ तारखेला सकाळी. ज्या माणसाने वर्षानुवर्षं कार्तिकीला पंढरपूर सोडलं नव्हतं, तो नातवंडांच्या हौसेपायी या वर्षी वारी चुकवणार होता आणि बदल्यात एवढंच मागत होता, की उपास सोडताना घरचे सगळे एका पंगतीला असावेत. मुलाला हे ठाऊक नव्हतं. तो बापाच्या तोंडाकडे बघत राहिला.

माझ्यासाठी सहलीतलं पहिलं टेबल त्याच क्षणी ठरलं, आणि ते किल्ल्यातलं नव्हतं.

नऊ जणांचं टेबल म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही. अडीच वर्षांच्या मुलाला तिथे पार्कचं तिकीट लागत नाही, बुफेत त्याचे पैसेही लागत नाहीत. पण टेबल धरताना तो नववा माणूस असतो, त्याची खुर्ची मोजावीच लागते. बहुतेक टेबलं चौघांची, फार तर सहा जणांची. नऊ आकडा टाकून शोधलं की ज्या उपाहारगृहात चौघांना सकाळभर जागा दिसते, तिथे एकही वेळ दिसत नाही. शिवाय हा सगळा परिसर सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा, चार मोठी पार्क, ती १९७१ पासून १९९८ पर्यंत एकामागून एक उभी राहिलेली. हॉटेलातून पार्कात, पार्कातून दुसऱ्या हॉटेलात जायला बसने सहज पाऊण तास जातो. सकाळी उपाशी माणसाला एवढा प्रवास घडवायचा नाही, हे मी धरूनच चालले.

म्हणून मी त्यांना अ‍ॅनिमल किंगडम लॉजमध्ये उतरवलं. खोलीच्या सज्जातून मोकळ्या माळावर जिराफ, झेब्रे फिरताना दिसतात, आणि खाली बोमा नावाचं बुफेचं उपाहारगृह आहे. सकाळी साडेसातला सुरू होतं. फळं, दूध, ओट्स, मक्याची लापशी असं बरंच काही मांडलेलं असतं. बारस सोडायला लिफ्टने खाली उतरलं की झालं. हॉटेलातल्या उपाहारगृहाला पार्कचं तिकीटही लागत नाही. एकादशीच्या संध्याकाळसाठी पलीकडच्या इमारतीतलं सना निवडलं. आफ्रिकी स्वयंपाकाला भारतीय चवीची जोड दिलेली जागा ती. नान-कुलचे आणि त्यांच्यासोबत नऊ तऱ्हेच्या चटण्या, लोणची, रायती येतात. उपास नसलेल्यांचं जेवण तिथे नीट होणार होतं. आजींना इन्शुलिन असल्यामुळे त्यांच्या जेवणाची वेळ पुढेमागे चालत नाही, सहलीभर सगळ्या वेळा मी त्यांच्या सुईवरून लावल्या.

खिडकी उघडणार होती ११ सप्टेंबरला. त्या दिवशी घरी गौरी जेवणार होत्या.

पुरणाचा नैवेद्य, सोळा भाज्या, सवाष्ण, दीर-जावांचं सगळं गोकुळ. शेवटची पंगत उठेस्तोवर तीन वाजून गेले. माडीवरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले तेव्हा हाताला अजून पुरणाचा, वेलदोड्याचा वास होता. आदल्या रात्रीच मुलाकडून त्याच्या क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घेतले होते, कारण ते बंद असतील तर ऐन वेळी बँकेशी बोलायला फुरसत मिळत नाही. हॉटेलचं बुकिंग खात्याला जोडलेलं होतं, नऊ नावं आणि वयं भरलेली होती. न्यू जर्सीची लेक फोनवर आली. तिच्याकडे बाहेर अजून अंधार होता.

"ताई, गौरी जेवल्या का तुमच्याकडे?"

"जेवल्या. तुझ्याकडे?"

"आमच्याकडे संध्याकाळी. पुरणाची डाळ भिजवून ठेवलीय. किल्ला मी बघते, तुम्ही बोमा बघा."

असं ठरलंच होतं. दोन खाती, दोन माणसं. तिला मी एक सांगून ठेवलं होतं, की किल्ला शोधताना शेवटच्या दिवसापासून मागे यायचं. मुक्कामाच्या पहिल्या दिवसावर आज सगळ्यांचीच नजर असते. १५ तारखेपर्यंत मात्र ज्यांचा मुक्काम इतका लांब जातो तेच पोचतात, गर्दी तेवढी विरळ.

साडेतीनला पान उघडलं. मी १३ नोव्हेंबर, न्याहारी, नऊ माणसं असं टाकलं. एकच वेळ आली, सकाळी १०:५०. आजोबांची अंघोळ, पूजा, हरिपाठ सातपर्यंत उरकतो. निर्जळी नसली तरी आदल्या दिवसभराच्या उपासावर त्यांना अकरापर्यंत ताटकळत ठेवायचं मला जमणार नव्हतं. आकडा पाच केला. ७:३५ आली. लगेच घेतली. उरलेल्या चौघांसाठी लेकीच्या खात्यातून घ्यायचं, कारण एकाच माणसाच्या नावावर एकाच वेळची दोन टेबलं ठेवता येत नाहीत.

पण लेक किल्ल्यावर अडकली होती. "ताई, नऊ जणांना काहीच नाही. पंधराला नाही, चौदाला नाही, कुठेच नाही." आवाज रडवेला झाला होता.

मी तिला विचारलं, किल्ल्यात जायचंय कोणाला? आजोबांना नाही, आजींना नाही, पोराला कळत नाही, पुरुषांना हौस नाही. ते जेवण आधी पूर्ण पैसे भरून घ्यावं लागतं, ते महाग आहे, आणि आजोबांना त्यात खाण्याजोगं फारसं नाही. राजकन्यांना भेटायचंय ते दोन मुलींना. "चौघींसाठी शोध. तू, वहिनी आणि पोरी."

पाच-सात सेकंद काहीच ऐकू आलं नाही. मग तिने "मिळालं!" असं ओरडून घर जागं केलं असावं, कारण मागून जावयाचा आवाज आला. १५ तारखेची सकाळ, न्याहारीची वेळ. तिने कार्ड तिथल्या तिथे भरलं. लगोलग बोमाची चौघांची ७:४० पण तिनेच घेतली. सनाही सहज मिळालं, संध्याकाळी साडेसहाला, दोन खात्यांवरून सहा जण आणि तीन जण असं विभागून.

साडेचारला, म्हणजे तिकडे सातला, फोनची लाइन सुरू होते. लेकीने फोन करून बोमाच्या दोन्ही बुकिंगांवर शेजारी बसवण्याची नोंद करून घेतली. ती विनंती असते, शब्द नसतो. मुलगा म्हणाला, "झालं की ताई, पाच मिनिटांचा तर फरक आहे." फरक पाच मिनिटांचाच होता, पण पंगत दोन टेबलांवर पडणार होती. पाच इकडे, चार खांबापलीकडे, असं झालं तर त्याला बारस सोडणं म्हणता येणार नाही. आजोबांनी काही तक्रार केली नसती, आणि मला तेच सोसवत नव्हतं.

टेबलं परत येतात. बहुतेक ठिकाणी जेवणाच्या दोन तास आधीपर्यंत रद्द केलं तर काही लागत नाही, न सांगता गेलं नाही तर माणशी दहा डॉलर कापतात. त्यामुळे लोक सोडून देतात. आणि सगळ्यात जास्त सुटतात त्या मुक्कामाच्या महिनाभर आधी, कारण हॉटेल-तिकिटांचं पॅकेज ३० दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण पैसे मिळतात. ज्यांचं जाणं डळमळीत असतं ते तेव्हाच ठरवतात. आमच्या हिशोबाने तो सुमार दसऱ्याचा येत होता. सोनं लुटून लोक घरी परतत होते तेव्हा मी सीमोल्लंघन करून आलेल्या चपला न काढताच फोनवर बोमा बघत होते. त्या रात्री नाही मिळालं. पुढच्या दिवसांत एका दुपारी मात्र नऊ जणांची ८:०५ समोर आली. पाच जणांचं बुकिंग रद्द न करता त्यातच बदल करता येतो, जुनी वेळ नवी पक्की होईपर्यंत हातात राहते. लेकीला फोन करून तिचं चौघांचं सोडायला लावलं, इकडे पाच जणांचे नऊ केले, आणि पक्कं झाल्याचा मेल आला तशी मी अकलूजला फोन लावला. आजींनी उचलला. "सांगते त्यांना," म्हणाल्या, "मळ्यात गेलेत."

बाकी कामं सरळ होती. लेक राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाणे बरोबर घेऊन आली. बाहेरचं खाणं पार्कात नेता येतं, काचेची भांडी तेवढी नकोत. मी इंग्रजीत एक चिठ्ठी करून दिली होती: आज धान्य, डाळ, कांदा, लसूण, अंडं काही नाही; फळं, दूध, बटाटा, शेंगदाणे चालतील. खाण्याचं पथ्य आहे असं सांगितलं तर तिथे आचारी टेबलाशी येऊन बोलतो. सनामध्ये एक बाई आल्या, त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं की बटाटा ज्या पाण्यात उकडायचा ते वेगळं घ्यायचं का. सुनेने हे मला मेसेजमध्ये मुद्दाम लिहून पाठवलं. आजोबांपुढे वाफाळता उकडलेला बटाटा, मीठ आणि फळांची थाळी आली. नाती नानचे तुकडे चटण्यांत बुडवत होत्या आणि प्रत्येक चटणीला आजोबांकडून नाव ठेवून घेत होत्या.

१३ तारखेला माझ्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले होते. व्हिडिओ कॉल आला. गोल नव्हे, लांब टेबल. एका टोकाला आजोबा, टोपी घातलेली, कपाळी बुक्का. पोरगं उंच खुर्चीत. ताटं भरून आली होती, पण कोणी हात लावला नव्हता. आजोबांनी "पुंडलिक वरदे" म्हटलं, आठ जणांनी "हाऽरि विठ्ठल" केलं. शेजारच्या टेबलावरचं अमेरिकन कुटुंब वळून बघत होतं. त्यातल्या एका आजीबाईंनी हात जोडले. मग आजोबांनी लापशीचा पहिला घास घेतला आणि मोबाइलकडे बघून म्हणाले, "बारस सुटली बघा. तुम्ही जेवला का?"

आमच्या फॉर्मवर आधी शाकाहारी, मांसाहारी, जैन अशा तीनच चौकटी होत्या. आता खाली एक मोकळी जागा आहे: मुक्कामात कोणाचा उपास येतो, कधी धरायचा, कधी आणि कसा सोडायचा. परवा मे महिन्यातली एक सहल आली, त्यात आजींची संकष्टी आहे. ऑरलँडोला तेव्हा चंद्रोदय रात्री दहाच्या पुढे जातो, आणि इतक्या उशिरा आजींना टेबलावर बसवण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी खोलीत फ्रिज आहे ना, हे आधी पक्कं केलं. मोदकांचं बघते, असं तिकडच्या सुनेने कळवलंय.