शेवटचं पान

आमच्या ऑफिसात तारखा ठरवायचं काम माझ्याकडे असतं. पॅरिसमध्ये ड्रुओच्या लिलावघराजवळ, एका ग्रंथतज्ज्ञांच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी नोकरी करते. लोक घरातली जुनी पुस्तकं विकायला आणतात. आम्ही ती पानन् पान तपासून वर्णन लिहितो आणि त्या वर्णनाच्या भरवशावर बोली लागते. वर्णन चुकलं तर निस्तरायचं आम्हीच.

तारखा माझ्याकडे आल्या त्या शिवजयंतीमुळे, असं म्हटलं तरी चालेल. नवीन असताना साहेबांनी एक प्रश्न टाकला होता. पॅरिसमध्ये छापलेलं, तारीख असलेलं पहिलं फ्रेंच पुस्तक म्हणजे पास्किए बॉनॉमने छापलेली फ्रान्सच्या राजांची बखर. तिच्या शेवटी १६ जानेवारी १४७६ असं लिहिलंय, तर ती कोणत्या वर्षी छापली? मी म्हटलं, १४७७. तेव्हा तिथे नवं वर्ष ईस्टरला लागायचं, म्हणजे जानेवारी जुन्याच सालात मोजला जायचा. साहेब चमकले. पण शके १५५१ च्या फाल्गुनाचं इसवी साल काढताना ७८ नव्हे, ७९ मिळवायचे आणि म्हणून १६३०, यावरचे वाद लहानपणापासून ज्याच्या कानावर पडलेत त्याला यात काय अवघड? त्या दिवसापासून तारखांच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. थोडी मिजासही आलीच.

हिवाळ्यातल्या एका सोमवारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई तीन मोठे खंड घेऊन आल्या. सोबत भाचा होता, त्यानेच ते उचलून आणले. यजमान वारले, घर लहान करायचंय, म्हणाल्या.

पुस्तक होतं आँगराँ द मॉन्स्त्रलेची बखर, आंत्वान वेरारने विकायला काढलेली. आपल्याला बखर म्हटलं की रंगवून सांगितलेली हकिगत आठवते. हा गडी तसा नाही. फ्रुआसारची बखर संपते तिथून, म्हणजे १४०० पासून, हा सुरू करतो आणि पत्रं, तह, वेढे असं सगळं ओळीने मांडत जातो. खरं सांगायचं तर कंटाळवाणा आहे. त्याची एकच जागा मला फार आवडते. मे १४३० मध्ये काँपिएन्यपाशी जोन ऑफ आर्क पकडली गेली, तेव्हा बर्गंडीचा ड्यूक तिला भेटायला गेला. मॉन्स्त्रले तिथे हजर होता. आणि लिहितो काय, तर दोघांत काय बोलणं झालं ते मला नीटसं आठवत नाही! साडेपाचशेहून अधिक वर्षं लोक त्याच्यावर दात खाऊन आहेत. मी दुसरा खंड उघडला की आधी तेवढं पान काढते.

पण त्या दिवशी पुस्तकाआधी बांधणीनेच डोळे दिपले. गडद लाल मोरोक्को, म्हणजे बकऱ्याचं कमावलेलं कातडं, आणि दोन्ही पुठ्ठ्यांवर सोनेरी पट्ट्यांची एकमेकींत गुंतलेली वेलांटी, मधल्या जागांत बारीक डहाळ्या, अगदी मध्ये एक मोकळा लंबगोल. या घडणीला फाँफार म्हणतात. घडण सोळाव्या शतकातली, नाव मात्र बरंच नंतरचं. १८२९ मध्ये तुवनँ या बाइंडरने शार्ल नोदिए या लेखकासाठी एक जुनं पुस्तक या पद्धतीने बांधलं, त्या पुस्तकाच्या नावात ‘फाँफार’ शब्द होता, तेच नाव चिकटलं. आमच्या खंडांची बांधणीही एकोणिसाव्या शतकातलीच, जुन्याची नक्कल, पण काय नक्कल! अंड्याचा पांढरा भाग लावून त्यावर सोन्याचा वर्ख ठेवायचा आणि तापवलेला पितळी ठसा एकदाच दाबायचा. हात हलला की कातडं जळालं. एका पुठ्ठ्यावर असे शेकडो ठसे. माझे मामा अप्पा बळवंत चौकाजवळ बाइंडिंग करायचे. खळ, दाभण, पुठ्ठा आणि पाठीवर कापडाची पट्टी, एवढाच त्यांचा संसार. त्यांनी हे पाहिलं असतं तर आधी शिवण बघितली असती. मी नाही बघितली. मी वर्खच बघत बसले.

पुस्तकावर साल नाही. वेरारच्या पुष्कळ पुस्तकांवर नसतं. पण तो शेवटच्या पानावर दुकानाचा पत्ता देतो आणि त्याच्या पत्त्यांवरून साल काढता येतं. त्याचं दुकान नोत्र-दाम पुलावर होतं. तेव्हा पुलावर दोन्ही बाजूंनी घरं असत. २५ ऑक्टोबर १४९९ ला तो पूल साठेक घरांसकट सेन नदीत कोसळला. (नगराच्या कारभाऱ्यांना थेट तुरुंगात टाकलं. चौकशी समिती नेमून अहवालाची वाट बघायची पद्धत त्यांना ठाऊक नसावी.) मग वेरार काही महिने सें-सेव्हरँच्या चौकात, मग १५०३ पर्यंत पती-पों या पुलाजवळ सें-झाक रस्त्यावर, आणि पुढे नोत्र-दाम चर्चसमोरच्या नव्या रस्त्यावर. मॉन्स्त्रलेची त्याची पहिली आवृत्ती सें-झाकच्या पत्त्याची, दुसरी त्या नव्या रस्त्याची. पहिली अर्थात जास्त मोलाची.

मी तिसऱ्या खंडाचं शेवटचं पान उघडलं. सें-झाक रस्ता, पती-पोंजवळ. लिहून टाकलं: पहिली आवृत्ती, १५०० ते १५०३. फर्मे, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेले पानांचे गठ्ठे, मोजले, प्रत्येक फर्म्याच्या तळाची खुणेची अक्षरं जुळवली, एकही पान कमी नाही. दुपारच्या आत काम आटोपलं. साहेब खूश. कॅटलॉग संध्याकाळी छापायला जायचा होता.

चारच्या सुमाराला ऊन आडवं होऊन माझ्या टेबलावर आलं. तिसरा खंड शेवटाशी उघडाच होता. डावीकडच्या पानावर अक्षरांच्या बारीक सुरकुत्या दिसत होत्या, छापताना खिळ्यांनी कागद दाबला जातो त्या. उजवीकडचं पान सपाट होतं, सारवलेल्या अंगणासारखं.

हे एकट्याने काही सिद्ध होत नाही. एकोणिसाव्या शतकात बांधणीआधी पानं धुऊन, दाबून इस्त्री केल्यासारखी करायची रीत होती, त्यात दाब निघून जातो. पण या पुस्तकाची बाकीची पानं तेवढी दाबलेली नव्हती. मी पान उलटून मागून बोट फिरवलं. काही लागेना. मग उजेडासमोर धरलं. कागद जुनाच होता, कागद बनवायच्या चाळणीच्या तारांच्या रेघाही होत्या, पण उभ्या रेघांमधलं अंतर आधीच्या पानांपेक्षा कमी. तेव्हा पोटात गोळा आला.

उरलेलं कसरीने सांगितलं. शेवटच्या फर्म्याच्या तळाशी कसरीचं एक टाचणीएवढं भोक सहा पानं आरपार गेलं होतं. पुठ्ठ्याच्या दिशेने ते पानागणिक मोठं होत येत होतं आणि शेवटच्या पानापाशी एकदम बंद. कसर बाहेरून आत शिरते. शेवटचं पान न भेदता ती आतल्या सहांत पोचणार कुठून?

भिंगाखाली उरलासुरला संशयही फिटला. छापलेल्या अक्षराच्या कडेला शाई दाबून बाहेर सरकलेली असते, तिथे गडद किनार दिसते. इथे शाई एकसारखी सपाट पसरलेली, आणि एकाच ओळीतले दोन ‘म’ एकमेकांपासून केसभर वेगळे. अख्खं पान कुणीतरी लेखणीने काढलं होतं. प्रत्येक अक्षर, प्रत्येक संक्षेपाची खूण, अगदी मोडक्या खिळ्याचा तुटका कोपरासुद्धा.

अशी माणसं त्या काळी होती आणि लपूनछपून काम करत नव्हती. इथे पिलिन्स्की होता. लंडनला ब्रिटिश म्युझियमसाठी जॉन हॅरिस पानं काढायचा, ती इतकी बेमालूम की तळाशी तशी खूण करण्याचा नियम करावा लागला. अपुरं पुस्तक शौकिनाला खपायचं नाही, म्हणून ते पुरं करायचं. याला मी फसवणूक म्हणत नाही. आमच्या कारागिराने खूण केली नव्हती, एवढंच.

साहेबांना सांगायला उठले तेव्हा पाय जड झाले होते. ते पाच मिनिटं भिंगातून पाहत राहिले. मग म्हणाले, “पान खोटं असेल तर त्यावरचा पत्ता कुणाचा?” हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आवृत्ती ठरवली होती ती त्याच पत्त्यावरून. त्यांनी छापखान्याला फोन करून आमचं पान थांबवलं आणि मला म्हणाले, “उद्या सकाळी ग्रंथालयात जा.”

राष्ट्रीय ग्रंथालयाचे चार काचेचे मनोरे उघड्या पुस्तकांसारखे उभे आहेत, दुर्मिळ पुस्तकांचा कक्ष त्यांच्या पायथ्याशी. मी आमच्या खंडांचे फोटो नेले होते. पहिला आणि दुसरा खंड पहिल्या आवृत्तीशी खुणेला खूण जुळले. तिसरा जुळेना. पहिल्या आवृत्तीत जिथे पूर्ण शब्द, तिथे आमच्या खंडात तो अक्षरावर रेघ देऊन आखडलेला. कुठे शुद्धलेखन निराळं. मजकूर तोच, जुळणी दुसऱ्याची. दुसऱ्या आवृत्तीशी ताडला आणि ओळी पटापट बसत गेल्या. म्हणजे कुणाकडे तरी पहिल्या आवृत्तीचे दोन खंड होते, तिसरा मिळेना. दुसऱ्या आवृत्तीचा मिळाला, पण शेवटचं पान नसलेला. मग पहिल्या आवृत्तीच्या कुठल्यातरी प्रतीवरून ते पान काढून घेतलं आणि तिघांना एकसारखा लाल अंगरखा चढवला.

बाईंना फोन मीच केला. किंमत बरीच खाली येईल, हेही सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.

“ते पान कुणी काढलं, ते कळेल का?”

“नाही. सही नाहीये.”

“आमच्याकडे कुणी जेवायला आलं की हे तेच पान उघडून दाखवायचे. पूल कोसळल्याची गोष्ट सांगायचे. वरण गार व्हायचं,” त्या म्हणाल्या. वरण मी घातलं. त्या सूप म्हणाल्या होत्या.

विकायचंच, पण खरं लिहून विका, असं त्यांनी सांगितलं.

त्या दुपारी वर्णन नव्याने लिहायला बसले. तारखेच्या रकान्यात एक साल लिहितात. मी लिहिलं: खंड पहिला व दुसरा, १५०० ते १५०३, खंड तिसरा, १५०३ नंतर, शेवटचं पान हाताने काढलेलं, बांधणीबरोबरचं, एकोणिसावं शतक. साहेबांनी वाचलं, एक स्वल्पविराम खोडला आणि सही केली.